उसनं पाप

धुळाप्पा साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या पदरी सांगण्यासारखं एकही पाप नव्हतं.

रविवारच्या उपासनेनंतर मंडळीत साक्षी होत. आपण कोणत्या पापात रुतलो होतो आणि प्रभूनं त्यातून कसं ओढून काढलं, हे ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. कोंडीबाची शिंदी होती. रंभाबाईनं सासूला उपाशी ठेवलं होतं. पाळक सिद्धनाथराव तर रागाचे. तरणेपणी गावाकडच्या एका विहिरीच्या काठावर त्यांनी एकाचा गळा धरला होता, आणि ऐन वेळी प्रभूनं त्यांची बोटं सोडवली. ही साक्ष मंडळीला तोंडपाठ होती, तरी बोटं सुटली की बायका दर वेळी पदर डोळ्यांना लावत.

धुळाप्पाही पाळकसाहेबांच्याच भागातला, माळशिरसकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली तसा तो सोलापूरला येऊन गिरणीत लागला आणि पुढं बाप्तिस्मा घेतला. शिंदी त्याला पचत नसे. बायको तानाबाई त्याच्यापेक्षा अंगानं थोराड, त्यामुळे मारहाणीचा प्रश्न नव्हता. दर रविवारी तो उभा राही, "मी पापी हाय" एवढंच म्हणे आणि खाली बसे. पदर हलत नसे.

त्याला हाव सुटली.

त्या रविवारी त्यानं पाळकसाहेबांचीच विहीर उसनी घेतली. वेळापूरच्या माळावर एक पडकी विहीर त्यानं लहानपणी पाहिली होती, ती गोष्टीत बसवली. एक वाटसरू घातला, थोडं भांडण घातलं. फक्त त्याच्या गोष्टीत प्रभू वेळेवर पोचला नाही.

"ढकलला," धुळाप्पा म्हणाला. "मुका बुडाला. आवाज न्हाय, काय न्हाय."

मंडळी रडली. कोंडीबा तर हुंदके देऊन रडला. पाळकसाहेब गुडघ्यांवर आले ते बराच वेळ उठलेच नाहीत. एवढं यश धुळाप्पालाही अपेक्षित नव्हतं.

कोंडीबानं ती साक्ष अख्ख्या गिरणीत वाटली, आणि दोन दिवसांत शिपाई येऊन धुळाप्पाला चौकीवर घेऊन गेला. मार्शल लॉ उठून वर्ष झालं नव्हतं. खाकी कपडा दिसला की अजून दारं लागत, आणि फाशी हा शब्द शहरानं नुकताच जवळून ऐकला होता. फौजदारानं मेलेल्याचं नाव विचारलं. ते धुळाप्पानं ठरवलंच नव्हतं. फौजदारानं सगळं लिहून घेतलं, माळशिरसला कळवून विहीर उपसायला लावतो म्हणाला, आणि तोवर शहर सोडायचं नाही अशी ताकीद दिली.

"आवं, खरंच ढकलला व्हय?" तानाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात भीती होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थोडा आदरही.

"न्हाय गं. मनानंच रचलं."

"समदी असंच म्हणत्यात," ती म्हणाली. एरवी दोघं मिळून पाण्याला जात. त्या दिवसापासून ती शेजारणीबरोबर जाऊ लागली.

धुळाप्पा मात्र फारसा घाबरला नव्हता. विहिरीत काही नाहीच, तर सापडणार काय? पण पाळकसाहेब स्वतः त्याच्या खोलीवर आले. मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं छापल्यासारखं.

"धुळाप्पा, विहीर जुनी आहे. तिच्यात काय असेल, तुला ठाऊक आहे का?"

"काय असंल?"

"हाडं. कोणाचीही असोत. फौजदाराला ती तुझ्याच वाटसरूची वाटतील."

धुळाप्पाच्या मानेला घाम फुटला तो सुकलाच नाही. गिरणीत सूत तुटलं की त्याचा हात गळ्याकडे जाई. भाकरी गळ्याखाली उतरेना. मग गळ्याचाच विचार येई, आणि पाणीही उतरेना.

पाळकसाहेब रोज येऊ लागले. मोठेपणाची हाव हेसुद्धा पापच, म्हणाले. ती प्रभूच्या पायाशी ठेव, आणि विहीर उपसायच्या आत सगळ्यांसमोर खरं सांग. धुळाप्पाला फाशीइतकंच हशाचंही भय होतं. दोघं गुडघे टेकत. "देवा, मला पुन्ना ल्हान कर," एवढंच धुळाप्पा मागे. प्रार्थनेत पाळकसाहेबांचे हात त्याच्या हातांपेक्षा जास्त कापत. दुसऱ्यासाठी इतकं भिणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

रविवारी पाळकसाहेबांनी फौजदारालाही बोलावून पहिल्या बाकावर बसवलं. धुळाप्पा उभा राहिला.

"म्या कुणाला ढकललं न्हाय. माज्यापाशी पापच न्हवतं. तुमी रडावं म्हून खोटं बोललो."

आधी कोंडीबा हसला. मग सगळी मंडळी हसली. तानाबाई सर्वांत मोठ्यानं. फौजदारानं खिशातला कागद तिथंच फाडला, विहीर राहू द्या म्हणाला, आणि निघताना पाळकसाहेबांना बजावलं, "हा गृहस्थ यापुढं काहीही सांगत आला, तर मला कळवू नका."

मंडळी पांगली. धुळाप्पा चर्चच्या पायरीवर उन्हात बसून राहिला. हाव गेली होती, भीती गेली होती, आणि चक्क भूक लागली होती. प्रभूनं एवढं केलं म्हणून त्यानं मनातल्या मनात आभार मानले.

पाळकसाहेब शेजारी येऊन बसले. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो कापत नव्हता.

"येकच चुकलं बग तुजं," ते म्हणाले, आणि छापील बोलणं कुठल्या कुठं गेलं. "मुका कुणी बुडत न्हाय रं. त्यो लई येळ हाका मारत व्हता. माजं नाव घिऊन."