अजून जाड काही?

"अजून जाड नाही का?" रामसुमेर चौबेंनी तिसरं पुस्तक बाजूला सारलं आणि गठ्ठ्याला टेकून डोळे मिटले.

पुस्तकवाला बैजनाथ केसरी तोंडातलं पान सांभाळत हसला. "गुरू, ग्रंथ निवडताय की उशी?"

"वडिलांना ऐकवायचाय. वेदान्तावरचा. देवरियाहून आणलंय त्यांना. मोक्षघरात उतरलोय."

बैजनाथचं हसू गेलं. मरण काशीत यावं म्हणून म्हातारी माणसं तिथं येऊन राहतात. खोली मिळते पंधरा दिवस. तेवढ्यात सुटका झाली नाही, की चला परत.

"कितवा दिवस?"

"चौदावा. उद्या मॅनेजर काढणार."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणाले, आता माझं काम संपलं."

"आणि बाबूजी? बोलतात काही?"

"एकच. घरी चल, घरी चल."

"शेवटी सगळे तेच बोलतात हो." बैजनाथनं गल्लीत पिंक टाकली आणि गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, खांदे पडलेले. "राग मानू नका, पण तोंडावरून मरायला तुम्हीच आल्यासारखे दिसता."

"गावी पिठाची गिरणी. भावांची कोर्टकचेरी. घरात तीन सुना, तीन चुली." चौबेंनी जांभई दिली. "वीस वर्षांत दुपारी पहिल्यांदा झोपलो ते इथं येऊन."

"मग हे घ्या. वर श्लोक, खाली सोपा अर्थ. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. चार दिवसांत संपतं."

"चार दिवसांत?" चौबे दचकून सरळ बसले. मग हळूच म्हणाले, "मोक्षघरात म्हणे सुरू झालेला पाठ मध्येच तोडत नाहीत?"

"छे! शेवटचं पान होईपर्यंत मॅनेजरचा बापसुद्धा खोलीतून उठवत नाही."

आता बैजनाथला उमगलं. तो शिडीवर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीनं माखलेलं एक धूड खाली घेऊन आला.

"मूळ सूत्रं, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी. एकेका शब्दावर चाळीस चाळीस पानं भांडलेत लेकाचे. रोज एक पान वाचा. वर्षं जातील."

चौबेंनी ते छातीशी धरलं. चेहरा पहिल्यांदा सैल पडला.

"असा मुलगा सगळ्यांना मिळो," बैजनाथनं हात जोडले. "बाबूजींना काशीच लाभो."

वाटेत चौबेंनी आठ कचोऱ्या बांधून घेतल्या.

मोक्षघराच्या पायरीवर ब्याऐंशी वर्षांचे बाबूजी पायात जोडे घालून, बांधलेल्या गाठोड्यावर बसले होते. मुलाला पाहताच ताडकन उठले. "कुठं उलथला होतास? ताप उतरून बारा दिवस झाले, ठणठणीत आहे मी! घरी चल!" चौबेंनी त्यांच्या हातात कचोरी ठेवली, मांडी घातली आणि पहिलं पान उघडलं. "बसा बाबूजी. पाठ सुरू झाला."