कुलूप बदलून मिळेल

करंगळी मोडली तेव्हा तो माणूस ओरडलाच नाही, नुसता बघत राहिला. पुढच्या बोटाला मात्र किंचाळला. मालकांनी त्याचा पंजा टेबलावर दाबून धरला होता, आणि दुसऱ्या हातातली हातोडी ते खिळा ठोकावा तशी, नेम धरून मारत होते.

दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस लोखंडी गज घेऊन मालकांच्या कुलपांच्या दुकानात घुसला होता. त्याच्या बायकोने आदल्या दिवशी इथूनच माणूस बोलावून घराचं कुलूप बदलून घेतलं होतं, आणि त्याला नव्या कुलपाची किल्ली हवी होती. दुकानात फोन घ्यायला बसणारी बाई, जिला सगळे फोनवालीच म्हणत, नाही म्हणाली. त्याने गज फिरवला. काउंटरची काच फुटली आणि तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मग मालक आतल्या खोलीतून बाहेर आले.

चार बोटं झाल्यावर ते थांबले. "दारावर लाथा मारत येतोस, म्हणून ती कुलूप बदलते," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "बेल वाजवायची. एकदाच, हळू." मग त्यांनी हातोडी पिवळ्या फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवली.

तो माणूस हात पोटाशी धरून धडपडत गेला. पोलिसांत जायची त्याची छाती झाली नाही.

फोनवालीला रडू फुटलं, पण ते भीतीचं नव्हतं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याने तिचा जबडा मोडला होता, तेव्हा शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. तिच्या बाजूने कुणी हात उगारलेला तिने या वयात पहिल्यांदा पाहिला. कपाळाला पाच टाके पडले, पण दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी हजर होती. मालकांसाठी तिने जीवही दिला असता.

धंद्यात मात्र मालक अगदीच वेडे, असं तिचं ठाम मत होतं. त्यांची जाहिरात इंटरनेटवर चालायची आणि ती पाहून कुणी फोन केला की त्या प्रत्येक फोनचे पैसे जाहिरात कंपनी कापून घ्यायची. शहाण्या माणसाने अशा वेळी येईल ते काम करावं. पण दार अडकलंय, उघडून द्या, असा फोन आला की मालक ते काम सरळ सोडून द्यायचे. त्यांना फक्त कुलूप बदलायची कामं हवी असायची. त्यातही, जाहिरात ज्या भागात दिसायची तो नकाशावरचा गोल ते दर दोन महिन्यांनी पुढे सरकवायचे. एका भागात जरा नाव झालं की लगेच दुसरा भाग.

असंच चाललं तर एक दिवस आपल्याच दुकानाला कुलूप लागेल, असं ती त्यांना चिडवायची.

"उघडायला कुणीही बोलावतं," मालक एकदा म्हणाले. "बदलायला घाबरलेलं माणूसच बोलावतं."

तिच्या अंगावर काटा आला होता. किती कळतं या माणसाला, असं तिला वाटलं.

फोन ते स्वतः कधीच घेत नसत. आपला आवाज रुक्ष आहे, बायका बिचकतात, असं म्हणत. तिचा आवाज मऊ होता. कुलूप का बदलायचंय, घरात एकट्याच राहता का, हे प्रत्येक बाईला विचारायचं, अशी तिला ताकीद होती. एकटी बाई असली की कामगाराला न पाठवता मालक स्वतः जायचे. प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि ते सगळं मालक कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकायचे. कामात इतकं लक्ष घालणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी एका बाईचा फोन आला. तीन वर्षांतलं हे चौथं घर, ती म्हणाली. कालपासून वाटतंय, कुणीतरी जिन्यात उभं असतं. कदाचित भासही असेल. फोनवालीने ते नेहमीचे प्रश्न विचारले, पत्ता लिहून घेतला आणि तिला सांगितलं, "ताई, आता घाबरू नका. आमचे मालक देवमाणूस आहेत." पलीकडे हुंदका आल्यासारखं झालं. फोनवालीचेही डोळे भरून आले.

मालकांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली, तोंड धुतलं आणि आरशात बघून भांग पाडला. फोनवालीला हसू आलं. मालकांना इतकं खुशीत तिने कधी पाहिलं नव्हतं. हातोडी आणि फडकं पिशवीत टाकून ते पत्त्याची चिठ्ठी न घेताच निघाले. पत्ता त्यांना ऐकूनच पाठ झाला होता.

अर्ध्या तासाने ती टेबल आवरायला गेली आणि तिने कपाळावर हात मारला. त्या बाईसाठी काढून ठेवलेलं नवं कुलूप खोक्यासकट तिथेच पडलं होतं. मालकांचा फोन लागेना, म्हणून तिने बाईलाच फोन केला.

"ताई, जरा थांबावं लागेल," ती हसत म्हणाली. "आमचे मालक कुलूपच इथे विसरून गेलेत."

बाईही हसली. सकाळपेक्षा तिचा आवाज मोकळा होता. "थांबते की. तुमचा आवाज ऐकला म्हणून तर बोलावलं, नाहीतर कुलूपवाल्याला दारात उभं करायची हिंमत नाही माझी. खरं तर मीच बसवलं असतं, येतं मला. पण उजवा हात चालत नाही."

"काय झालं हाताला?"

"चार बोटं मोडली नवऱ्याने, तीन वर्षांपूर्वी. एकेक करून, करंगळीपासून." बाई सहज म्हणाली. "एक मिनिट हं, बेल वाजली."

एकदाच वाजली होती, हळू.