लुगड्यातली बाळंतीण

बायको बेबाबाई वारून वर्ष झालं, तरी सोनगीरच्या तोतारामने तिचं लुगडं घडी न मोडता खाटेवर ठेवलं होतं. बत्तीस सालच्या श्रावणात त्याची बहीण झुंबरबाई ते न्यायला आली.

"भाऊ, वरीस सरनं. आते कोनले तरी दी टाक."

"मझार बाळंतीण शे. सव्वा महिना हात नको लावू."

घडीच्या आत एक पिवळट कोळीण होती. ही जात जाळं विणत नाही. रेशमाची पिशवी शिवते, आत अंडी घालते आणि स्वतःलाही कोंडून घेऊन उपाशीपोटी राखण करते. झुंबरबाईने कपाळावर हात मारला आणि परत गेली. बहिणीला पिटाळल्याचा आनंद तोतारामला दोन दिवस पुरला. मग बोलायला कोळीणच उरली.

सव्वा महिना सरला त्या दुपारी अंगणातून हाक आली. तोताराम लुगडं लपवायला धावला.

घडी मोडलेली होती. लुगडं खाटभर पसरलेलं, कडेने पांढऱ्या रेशमाने शिवलेलं आणि मध्ये फुगलेलं. उशाकडे तेवढी फट होती, एक माणूस शिरेल इतकी.

"भाऊ, दे ना आते!" झुंबरबाई ओट्यावर चढली.

तोतारामने टोपी काढली आणि फटीत पाय घातला.

आतलं कोणीतरी त्याच्यासाठी जरा सरकलं.