निंबोण्याची हवा

मुलीच्या साखरपुड्यात रसायन कंपनीच्या प्रमुख शर्मिला टिपणीस पेढा तोंडाला लावणार, तोच त्यांच्या नाकात सडक्या अंड्यांचा वास भरला. हॉलमध्ये तो दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. कायद्याने त्यांच्या नाकात बसवलेली चिप कारखान्याशेजारच्या निंबोणे गावातला वास त्यांना देत असे. त्यांनी बाहेर येऊन मॅनेजरला फोन लावला.

"मॅडम, आकडे मर्यादेतच आहेत. घरच्या कार्यासाठी सवलत असते, चिप तासभर बंद ठेवा."

"निंबोण्यात आत्ता काय चाललंय?"

"विशेष काही नाही. शाळेत मुलं जेवायला बसलीत."

"भट्टी थांबवा," शर्मिलाताई म्हणाल्या आणि येरझारा घालू लागल्या. आतून फोटोसाठी हाका येत होत्या, पण वास अजून गेला नव्हता.