टाकीच्या खुणा

"विळीवर पडली," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला. त्याची बायको टेबलावर बेशुद्ध होती. तिच्या डोक्यातलं रक्त पुसता पुसता माझे दोन्ही हात भरले होते.

मी सिस्टरला फॉर्मवर लिहायला सांगितलं, "जखमेच्या कडा जॅगेड. भोवतालची कातडी रफ, अनइव्हन."

जखमी मुलीची आई भिंतीशी उभी होती. गावोगाव फिरून, छिन्नीनं ठिपके पाडत पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारी ही बाई, हत्यारांच्या पिशवीसकट तशीच धावत आली होती. "इंग्रजीत काय लिवलं, डॉक्टरीनबाई?"

"कडा फाटक्या आहेत, कातडी खरबरीत झालीय. विळीनं असं होत नाही, मावशी. विळी सरळ कापते."

"तुम्ही टाके घाला, चौकशा नकोत!" नवरा माझ्यावर खेकसला.

म्हातारी लेकीवर वाकली. कपाळावर बारीक ठिपक्यांच्या तीन तिरप्या ओळी उमटल्या होत्या. त्यांच्यावरून तिनं न टेकवता बोट फिरवलं.

"ही माझी टाकी हाय," ती म्हणाली. "सोमवारीच ह्याच्या घरच्या वरवंट्याला लावली. चटणी बारीक होत न्हाई म्हनून मारतो, असं पोरगी म्हनली व्हती."

नवरा दाराकडं वळला. तिची हातोडी त्याच्या गुडघ्यावर इतक्या जोरात बसली, की हाड फुटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. तो फरशीवर कोसळून किंचाळू लागला. म्हातारीनं हातोडी पिशवीत टाकली आणि दोन्ही हात पुढं केले. "लिवा आता ह्येचं बी."

मी सिस्टरला दुसरा फॉर्म घ्यायला सांगितला.

"लिहा सिस्टर," मी म्हटलं, "विळीवर पडला."