मुलीचा होकार

तंबू नेमका सगळ्यात ओल्या जागी लागला होता. आत शिरताना परिचारिकेच्या पँटला गुडघ्यांवर चिखलाचे दोन गोल ठसे उमटले.

"अरे देवा, जमीन बघायची राहिलीच!" दंतवैद्य हळहळले. "हलवायचा का?"

"राहू द्या. आयुष्यभर रात्रपाळ्या केल्यात. मला कुठेही झोप येते."

दंतवैद्यांच्या बहिणीने हे लग्न सुचवलं होतं. पहिल्याच भेटीत दंतवैद्यांनी, खुर्चीतल्या पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात, सांगून टाकलं होतं, "माझं काही म्हणणं नाही. पण लेक आईविना वाढलीय. तिचा होकार तोच माझा होकार."

परिचारिकेला ते फार आवडलं. चाळिशी उलटल्यावर तिला घर हवंसं वाटू लागलं होतं, आणि ते कबूल करायला ती लाजत नव्हती. डास चावले की माझ्या अंगावर गांधी उठतात, असं तिने सांगितलं होतं. तरी मुक्कामाला खाडीकाठची ही दलदलच ठरली. लेकीला आवडते म्हणे. बरं, तर बरं.

"तुम्ही दोघी किल्ला बघून या," दंतवैद्य म्हणाले. "मी चहाचं बघतो."

लेक चौदा वर्षांची, तोंडाला कुलूप लावलेली. बुरुजाकडे जाणारी फळ्यांची वाट मध्येमध्ये निखळली होती. तिथे ती गवताच्या गड्ड्यांवरून उड्या मारत पुढे गेली. मागे वळून बघेल तर शपथ. परिचारिका घोट्यापर्यंत रुतली, बूट हातात घेतले आणि अनवाणी चालू लागली.

बुरुजावर तोफांच्या झरोक्यांतून खारा वारा येत होता. तिथे एकदाचं लेकीने तोंड उघडलं.

"बाबा घोरतात. भिंती हादरतात."

"माझा अख्खा वॉर्ड घोरतो."

"मनासारखं झालं नाही की आठवडाभर बोलत नाहीत."

"चला, तेवढीच घरात शांतता."

"आणि मी फार वाईट आहे. आधीच्या दोन काकू रडत गेल्या."

परिचारिकेने मनाशी हिशेब मांडला. पोर आपलं घर राखत होती, एवढंच. राग यायच्या ऐवजी तिला मायाच दाटून आली. ती लेकीशेजारी दगडी कठड्यावर टेकली.

"हे बघ, मी तुझी आई व्हायला आले नाहीये. पण तू हाकललंस म्हणून मी जायचीही नाही. लोचट आहे मी. भांड, त्रास दे, हवं ते कर. सकाळी तुझा डबा भरीन आणि संध्याकाळी वाट बघीन."

लेकीचा चेहरा कसनुसा झाला. डोळे भरून आले. जमलं, असं परिचारिकेला वाटलं. तिने हलकेच पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"खरंच नाही जाणार?"

"नाही."

"मग बाबा मलाच रागावतील," लेक हुंदके देत म्हणाली. "त्यांना आत्याला नाही म्हणवत नाही, म्हणून दर वेळी हे सगळं माझ्याकडून पाठ करून घेतात. मला तर पहिल्या काकूसुद्धा हव्या होत्या."