डाव्या बाजूचा आवाज

टक्.

"आला! ऐकलात ना?" तिने आरशातून मागे पाहत विचारलं. मागच्या सीटवर मिस्त्री पुढे वाकून, डोळे मिटून बसला होता. त्याने मान हलवली. आवाज त्यालाही आला होता. इतके दिवस निदान हा आपला भास असेल, अशी आशा तरी होती.

गाडी नवीकोरी होती, अजून नव्याचे नऊ दिवसही सरले नव्हते. पाय नुसता टेकवला की पाठ सीटला चिकटायची, असलं दांडगं इंजिन. आत जिकडेतिकडे चकचकाट, अगदी पाय ठेवायच्या जागीसुद्धा धातूची पट्टी. या गाडीपायी तिने कितीतरी वर्षं सगळी हौसमौज बाजूला ठेवली होती. आणि आता हे. ऑफिसला जाताना, गर्दीत, आवाज कधी यायचा नाही. बाबांना गुडघ्याच्या व्यायामासाठी शहराबाहेरच्या दवाखान्यात न्यायची, तेव्हाच यायचा. मोठा रस्ता लागला, काटा वर चढला, की टक्. पुढून, खालून, डाव्या अंगाने. वेग कमी केला की बंद.

एवढ्या वेगात इंजिनाने मान टाकली तर? चाकं जागच्या जागी अडकली तर? एकटी असती तर एक वेळ ठीक होतं. पण शेजारी बाबा असायचे. रात्री अंथरुणावर पडलं तरी तो आवाज तिच्या कानात वाजायचा.

बाबा मात्र शांत असायचे. उभी हयात त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवली होती. ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला हे भर चौकात विसरणाऱ्या माणसांच्या शेजारी ते वर्षानुवर्षं बसले, पण कधी हूं की चूं केलं नाही. शिकवायच्या त्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. समोर खांब येवो नाहीतर ट्रक, ते गुपचूप पाय दाबायचे आणि म्हणायचे, "छान. आता पुन्हा." तीही त्यांच्याच हाताखाली शिकली होती. बाबांना घाबरलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून तर आवाज आला की ती आधी त्यांच्याकडे बघायची. ते मांडीवर हात ठेवून समोर पाहत असायचे. "येतो खरा काहीतरी आवाज," एवढंच म्हणायचे. तेवढ्यानेही तिला धीर यायचा.

मिस्त्रीला वर्कशॉपमध्ये सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठलं इंजिन कुठे बेसूर होतंय हे तो उभ्या उभ्या सांगायचा. आज निघण्याआधी त्याने गाडी वर चढवली, कॉम्प्युटर लावून पाहिला, खालचं झाकण काढून एकेक बोल्ट आवळला. मोठ्या रस्त्यावर एकटाच जाऊन मनसोक्त पळवूनही आणली.

"ताई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला.

हे ऐकून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. नाव असलेला आजार परवडला. "मग उद्या परत करते मी ही गाडी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "सापडत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे?"

कानसेनने कान खाजवला. कोड्यात पडला की तो तेवढंच करायचा. मग म्हणाला, "तुम्ही चालवा. दवाखान्यात जाता तस्संच जायचं. तेव्हा गाडीत जे जे असतं ते सगळं घ्या. मी मागे बसतो."

म्हणून मग बाबाही वर्कशॉपच्या बाकावरून उठले आणि आपले जाड टाचांचे बूट सांभाळत, गुडघा हाताने उचलून आत बसले होते.

"आणखी वाढवा," आता कानसेन मागून म्हणाला. तिने वेग वाढवला. पुढे एक ट्रक रेंगाळत होता. त्याला ओलांडायला तिने गाडी बाहेर काढली. टक्. पुढे वळण आलं. टक्, टक्. या वेळी तर चांगलाच जोरात. तिची पाचावर धारण बसली.

"ताई, बाजूला घ्या. थांबवा."

तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. "काय तुटलं? बाबा, तुम्ही आधी खाली उतरा!"

"काही तुटलं नाही," कानसेन म्हणाला. आता त्याचे डोळे उघडे होते. त्याने दोन सीटमधून हात पुढे घातला आणि मोबाईलचा उजेड खाली, डाव्या बाजूला पाडला.

बाबांचा पाय ताठ होता. बुटाची टाच त्या धातूच्या पट्टीवर अशी रोवलेली होती की दुखरा गुडघा थरथरत होता. गाडी केव्हाच थांबली होती, तरी पाय निघाला नव्हता. बाबा त्या पायाकडे पाहत राहिले. तो आपलाच आहे, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "एवढी भीती वाटत होती? मग बोलला का नाहीत?"

"चालवणाऱ्याला घाबरवायचं नसतं," ते म्हणाले. सगळी हयात हेच करत आले होते. "आपण गप्प बसायचं आणि हळूच ब्रेक दाबायचा."

दोन्ही हातांनी त्यांनी आपला पाय उचलून मागे घेतला.

"तुझ्या गाडीत माझा ब्रेकच नाही गं."